दोन काचा आणि दक्षिणेचं आकाश



निमंत्रणपत्रिकेवर ‘दक्षिण आकाशाचं छायाचित्रण’ असं छापलं आहे, त्यामुळे समोर बऱ्याच जणांच्या गळ्यात कॅमेरे दिसताहेत. त्यांची थोडी निराशा होणार आहे. कोणती लेन्स, किती सेकंद, हे मी सांगेन, पण थोडक्यात सांगेन. फोटो काढणं आता अवघड राहिलेलं नाही. मोबाइलवरही तारे उमटतात. अवघड आहे ते उमटलेल्या ठिपक्यांमधलं काय नेहमीचं आणि काय नवं, हे ओळखणं. दक्षिण आकाशाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आकाशाचा एकटा फोटो फारसं काही सांगत नाही. त्याच तुकड्याचा दुसऱ्या तारखेचा फोटो शेजारी ठेवला की मग पहिला बोलायला लागतो. आज मला हेच दाखवायचं आहे, आणि त्यासाठी दक्षिणेइतकी चांगली उदाहरणं उत्तरेत सापडत नाहीत.

त्याला कारण आहे. उत्तरेचं आकाश माणसांनी हजारो वर्षं डोळ्यांनी पाहून, नावं ठेवून, कोष्टकांत मांडून ठेवलं होतं. आपल्याकडेही सप्तर्षी, ध्रुव, सत्तावीस नक्षत्रं हा सगळा संसार उत्तरेचा आणि क्रांतिवृत्ताच्या आसपासचा. दक्षिणेला आपण अगस्त्य दिला, त्रिशंकू दिला आणि विश्वामित्राची प्रतिसृष्टी तिकडे आहे असं म्हणून विषय संपवला. दक्षिण गोलार्धात राहणाऱ्यांना ते आकाश अर्थातच पाठ होतं, त्यांच्याकडे मी नंतर येईन. पण आधुनिक खगोलशास्त्राच्या वह्यांत दक्षिणेची पानं बरीच कोरी होती. फ्रान्सच्या लाकाय या पाद्री-खगोलज्ञाने 1751 ते 1753 या काळात केपटाऊनला बसून, अर्ध्या इंचाच्या भिंगाच्या दुर्बिणीने जवळजवळ 10,000 ताऱ्यांच्या जागा नोंदवल्या आणि रिकाम्या जागी 14 नवे तारकासमूह बसवले. नावं जवळजवळ सगळी कारखान्यातली आणि प्रयोगशाळेतली: सूक्ष्मदर्शी, हवेचा पंप, घड्याळ, भट्टी, चित्रकाराची घोडी. देवदेवतांना रजा. मला व्यक्तिशः ही नावं रुक्ष वाटतात, पण माणूस प्रामाणिक होता. ज्या अवजारांवर पोट चालतं त्यांचे त्याने उपकार मानले.

त्यानंतर 1834 च्या जानेवारीत जॉन हर्शेल त्याच केपला उतरला. वडिलांनी, म्हणजे युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलने, उत्तरेचं आकाश चाळलं होतं. मुलाने दक्षिणेचं चाळायला घेतलं. चार वर्षं तो तिथे होता. या मुक्कामातलं त्याचं सर्वांत कष्टाचं काम म्हणजे ईटा करायनी या ताऱ्याभोवतालच्या तेजोमेघाचं चित्र. दुर्बिणीला डोळा लावायचा, मग दिव्याच्या मंद उजेडात कागदावर रेघ ओढायची, पुन्हा डोळा लावायचा. हजाराहून अधिक तारे त्याने त्या एका चित्रात जागच्या जागी बसवले. मध्येच, 1837 च्या डिसेंबरात, तो ताराच अचानक उजळला. पुढे 1843 मध्ये तर व्याध सोडला तर आकाशात त्याच्याहून तेजस्वी तारा उरला नव्हता, आणि त्यानंतर वीसेक वर्षांत तो नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला.

आता खरी पंचाईत. तारा बदलला हे तर सगळ्यांनी पाहिलं. पण भोवतालचा तेजोमेघही बदलला का? टास्मानियात होबार्टला फ्रान्सिस अ‍ॅबट नावाचा घड्याळजी होता, इंग्लंडातून शिक्षा होऊन तिकडे पाठवलेला. 1860 च्या दशकात त्याने आपल्या दुर्बिणीतून पाहून कळवलं की, मेघ हर्शेलच्या चित्रासारखा राहिलेला नाही. लंडनमध्ये यावर वर्षानुवर्षं वाद झाला. मेलबर्नला 48 इंची आरशाची प्रचंड दुर्बीण उभी राहिली, तिथल्या निरीक्षकांनीही चित्रं काढली. त्यातली कोणतीच दोन चित्रं एकमेकांशी जुळेनात. जुळणार कशी? हर्शेलचा हात वेगळा, अ‍ॅबटचा वेगळा. एकाची दुर्बीण अठरा इंची, दुसऱ्याची पाच-सहा इंची. मेघ बदलला की चित्रकार बदलला, हे ठरवायला मार्गच नव्हता. इतक्या मेहनतीचं चित्र, पण ताडून पाहायच्या कामाचं नाही.

गंमत अशी की हा हर्शेल 1838 मध्ये इंग्लंडला परतला आणि पुढच्याच वर्षी दाग्येर आणि टॅल्बट यांच्या फोटोच्या शोधांची बातमी आली. उमटलेलं चित्र उजेडात टिकवायचं कसं, या अडचणीवर हायपो नावाचं रसायन सुचवलं ते याच माणसाने; ते द्रावण त्याने तरुणपणी, 1819 मध्येच अभ्यासलं होतं. म्हणजे चार वर्षं पेन्सिलीने आकाश काढून आलेल्या माणसाने पेन्सिलीची गरज संपवायला हातभार लावला.

मात्र सुरुवातीचा फोटो ताऱ्यांच्या कामाचा नव्हता. काचेवर ओलं रसायन लावायचं आणि ते सुकायच्या आत, दहा-पंधरा मिनिटांत, सगळं उरकायचं. एवढ्या वेळात अंधूक तारे उमटत नाहीत. कोरड्या जिलेटिनच्या काचा 1870 च्या दशकात निघाल्या आणि तिथून चित्र पालटलं, कारण कोरड्या काचेवर तासन्‌तास प्रकाश साठवता येतो. माणसाच्या डोळ्याला हे जमत नाही. आपण एका ताऱ्याकडे तासभर टक लावून पाहिलं तरी तो पहिल्या मिनिटापेक्षा उजळ दिसत नाही.

1882 च्या सप्टेंबरात दक्षिण आकाशात एक अतितेजस्वी धूमकेतू आला. केपच्या वेधशाळेचा प्रमुख तेव्हा डेव्हिड गिल होता. हाही मुळात घड्याळांच्या धंद्यातला. फोटोग्राफीत तो कच्चा होता, त्यामुळे त्याने शेजारच्या मोब्रे गावातल्या अ‍ॅलिस या व्यावसायिक फोटोग्राफरला बोलावलं. अ‍ॅलिसचा साधा माणसांचे फोटो काढायचा कॅमेरा, अडीच इंची भिंगाचा, दुर्बिणीच्या नळीवर बांधला. दुर्बिणीतून धूमकेतू धरून ठेवायचं काम गिलने केलं. काचा धुतल्यावर धूमकेतू झकास आला होताच, पण गिलचं लक्ष गेलं ते मागच्या ताऱ्यांकडे. शेपटीआड, शेपटीभोवती, काचेच्या कोपऱ्यापर्यंत शेकडो तारे, प्रत्येक आपापल्या जागी टिपलेला. लाकायने एकेक तारा पकडायला जी रात्रंदिवस मेहनत केली, ती एका काचेवर आपोआप झाली होती.

पाहुण्याचा फोटो काढताना मागच्या भिंतीवरचं घड्याळ जास्त मोलाचं निघावं, असा हा प्रकार. गिलने लगेच ठरवलं की दक्षिणेच्या आकाशाची पूर्ण यादी फोटोंवरून करायची. 1885 पासून काचा काढायला सुरुवात झाली. पण काचा मोजणार कोण? नेदरलँड्‌समध्ये ग्रोनिंगेन इथे याकोबस कॅप्टाइन नावाचा प्राध्यापक होता. विद्यापीठाने त्याला दुर्बीण काही दिली नव्हती. त्याने गिलला पत्र लिहून हे काम मागून घेतलं. वेधशाळा नसलेला हा खगोलज्ञ केपहून बोटीने येणाऱ्या काचा एका खोलीत मापत बसला. त्याची युक्ती छान होती: ज्या दुर्बिणीने काच काढली तिच्या नाभीय अंतराएवढ्या लांब ती काच उभी करायची आणि कोन मोजायच्या यंत्रातून जणू खरं आकाशच पाहतो आहोत असं पाहायचं. किचकट गणित पुष्कळ वाचलं. 1896 ते 1900 या काळात यादीचे तीन खंड निघाले. तारे 4,54,875. त्यातले फारच थोडे कॅप्टाइनने हॉलंडच्या ढगाळ आकाशात पाहिलेले असावेत. बहुतेक तर तिथून उगवतच नाहीत.

आणि इथे आजच्या विषयाचा गाभा येतो. 1897 मध्ये कॅप्टाइन केपच्या काचा जुन्या याद्यांशी ताडत होता. अर्जेंटिनात कॉर्डोबाला बेंजामिन गूल्डच्या यादीत, 1873 च्या नोंदीप्रमाणे, चित्रफलक तारकासमूहात नवव्या प्रतीचा एक तारा होता. काचेवर त्या जागी काही नाही! जरा बाजूला मात्र तेवढ्याच तेजाचा तारा, ज्याची जुन्या यादीत नोंद नाही. केपच्या रॉबर्ट इनेसने खात्री केली: तारा तोच, जागा बदललेली. वर्षाला 8.7 विकला या वेगाने तो सरकत होता. त्या काळी माहीत असलेल्या सगळ्या ताऱ्यांत सर्वांत जास्त. पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढं अंतर तो दोनशेहून थोड्या अधिक वर्षांत कापतो. आज तो कॅप्टाइनचा तारा म्हणूनच ओळखला जातो आणि थंडीत आपल्याकडूनही लहान दुर्बिणीने दिसू शकतो. त्याचा शोध आकाशात लागला नाही. काच आणि यादी यांच्या फटीत लागला.

गिलच्या काचांमुळे 1887 मध्ये पॅरिसला परिषद भरली आणि सगळं आकाश वेगवेगळ्या देशांच्या वेधशाळांत वाटून फोटोत उतरवायचा बेत ठरला. यात एक धागा आपल्या घराजवळून जातो. विषुववृत्ताच्या दक्षिणेचा उणे 17 ते उणे 23 अंशांचा पट्टा आधी चिलीतल्या सांतियागोकडे होता. त्यांच्याकडून काम होईना, तेव्हा तो हैदराबादच्या निजामिया वेधशाळेकडे आला, आणि तिथल्या भारतीय निरीक्षकांनी तो निष्ठेने पुरा केला. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. औरंगाबाद-परभणीकडच्या किती शाळांत हे सांगितलं जातं? माझ्या पाहण्यात तरी कधी आलं नाही.

आता एका बाईंबद्दल. हार्वर्डच्या वेधशाळेने पेरूमधल्या अरेकिपा इथे ठाणं उघडलं होतं. 1896 पासून तिथे 24 इंची ब्रूस दुर्बीण फक्त फोटो काढायला होती. काचा बोटीने बोस्टनला यायच्या आणि तिथे तासावर मजुरी घेऊन स्त्रिया त्या तपासायच्या. हेन्‍रिएटा लेविट त्यातल्या एक. रविवारच्या पुरवणीत मुलांसाठी ‘दोन चित्रांतले फरक ओळखा’ असतं ना, ते काम त्या आयुष्यभर करत होत्या, फरक इतकाच की एका चित्रात हजारो ठिपके. त्यांची पद्धत सोपी होती. एका रात्रीची काच काळ्या ताऱ्यांची, म्हणजे मूळ निगेटिव्ह; दुसऱ्या रात्रीची काच उलटवून पांढऱ्या ताऱ्यांची करायची; एकीवर एक ठेवायची. जो तारा बदललेला नाही तो काळ्यावर पांढरा बसून मिटून जातो. ज्याचं तेज बदललं त्याच्याभोवती कडं उरतं. अशा रीतीने 1908 मध्ये त्यांनी मॅगेलनचे मेघ म्हणतात त्या आपल्या जवळच्या दोन दीर्घिकांत 1,777 रूपविकारी ताऱ्यांची यादी छापली, आणि 1912 मध्ये लहान मेघातल्या 25 ताऱ्यांवरून दाखवलं की उजेडाची चढउतार जितकी सावकाश, तितका तारा मुळात तेजस्वी.

हा नियम दक्षिणेतच सापडायचा होता. मेघातले सगळे तारे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत, त्यामुळे दिसणारं तेज आणि खरं तेज यांचा गोंधळ होत नाही. उत्तरेच्या आकाशात डोळ्यांना सहज दिसणारी इतकी जवळची दीर्घिका नाही. देवयानीतली आहे ती या मेघांपेक्षा दहापटीहून लांब. पुढे हबलने देवयानीचं अंतर काढलं ते याच नियमाच्या पट्टीने. विश्वाच्या मोजमापाची पट्टी पेरूच्या काचांवर, अमेरिकेतल्या एका टेबलावर तयार झाली. लेविट स्वतः पेरूला कधी गेल्या नाहीत.

याच जातीचा तिसरा शोध चटकन सांगतो. इनेस पुढे जोहान्सबर्गच्या वेधशाळेत गेला. 1910 आणि 1915 मध्ये त्रिशंकूशेजारच्या मित्र या ताऱ्याच्या परिसराच्या काढलेल्या दोन काचा त्याने आळीपाळीने दाखवणाऱ्या यंत्रात घातल्या. हजारो ठिपके स्थिर, एक अंधूक लाल ठिपका मात्र इकडून तिकडे उडी मारतो. तोच प्रॉक्झिमा, सूर्याखालोखाल आपला सर्वांत जवळचा तारा, 4.24 प्रकाशवर्षांवर. एवढा जवळचा शेजारी, पण एकाच काचेवर पाहिला असता तर गर्दीतला अकराव्या प्रतीचा कुणीतरी.

असो. कॅमेरेवाले चुळबुळायला लागले आहेत.

पुण्याहून क्षितिजावर सिद्धांताने उणे साडेएकाहत्तर अंशांपर्यंतचं आकाश येतं. त्यामुळे मोठा मॅगेलनचा मेघ पुण्याहून जेमतेम दोन अंश वर येतो, म्हणजे दिसत नाही. त्याच्यासाठी कन्याकुमारी गाठा, तिथे तो बारा अंशांवर असतो. पण त्रिशंकूचा खालचा तारा पुण्याहून आठ-साडेआठ अंश आणि वेंगुर्ला-पणजीहून अकरा अंशांच्या आसपास येतो. मेच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेला उभा असतो. जागा निवडताना एक लक्षात घ्या. कोकणातली पुळण पश्चिमेला तोंड करून असते, आपल्याला हवी दक्षिण. तिथे बहुधा डोंगराचं टोक नाहीतर पुढच्या गावाचे दिवे येतात, आणि समुद्रात एलईडी लावलेल्या बोटी असल्या तर संपलंच. त्यापेक्षा जांभ्याचा उघडा सडा बरा.

आठ-दहा अंशांवरच्या ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्यापेक्षा सहा-सात पट हवेतून येतो. तारे मंद होतात आणि सगळे पिवळट दिसतात. तेव्हा फोटोतल्या रंगावरून तारा ओळखायला जाऊ नका. एक फायदा मात्र आहे. पृथ्वीच्या फिरण्यामुळे विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला 15 विकला सरकतो, त्रिशंकूच्या भागात त्याच्या निम्माच. 50 मिमी लेन्सने मृगाला दहा सेकंद दिले तर त्रिशंकूला वीस देता येतात, रेघा न उमटता.

आता ओळख. त्रिशंकू म्हणून मला पाठवले जाणारे बरेच फोटो त्रिशंकूचे नसतातच. त्याच्या पश्चिमेला, नौका आणि शीड यांच्या सीमेवर, चार ताऱ्यांचा आणखी एक क्रूस आहे. मोठा, मंद, आणि आधी मध्यावर येणारा, म्हणून घाईच्या माणसाला तोच सापडतो. खऱ्याच्या पूर्वेला मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे आहेत, त्यांना जोडणारी रेघ त्रिशंकूकडे जाते. खोट्याला असे साक्षीदार नाहीत. शिवाय खऱ्यात उजव्या खालच्या बाजूला पाचवा, लहान तारा आहे. जुन्या पुस्तकांतल्या फोटोंवरून ओळखणाऱ्यांना एक सावधगिरी. जुन्या काचा निळ्या प्रकाशाला संवेदनशील होत्या. त्रिशंकूचा माथ्यावरचा तारा लाल, डोळ्यांना चांगला ठळक. जुन्या काचेवर तो बाजूच्या चौथ्या, निळसर ताऱ्यापेक्षाही बारीक येतो आणि क्रूस लंगडा दिसतो. उलट ईटा करायनीचा मेघ हायड्रोजनच्या गडद लाल प्रकाशात जळतो. तो नेमका आपल्या नेहमीच्या कॅमेऱ्यातली गाळणी अडवते. मित्रकाच्या वर, पुण्याच्या क्षितिजापासून चोवीस अंशांवर, एक ‘तारा’ शेजाऱ्यांपेक्षा फुगलेला दिसला तर लेन्स पुसू नका. तो ओमेगा सेंटॉरी, सुमारे एक कोटी ताऱ्यांचा गुच्छ, 17,000 प्रकाशवर्षांवर.

मेलबर्न-सिडनीला मुलांकडे जाणारे आजी-आजोबा या सभागृहात असतीलच. तिथे मृग डोक्यावर उभा असतो, व्याध त्याच्या वर, आणि चंद्रावरचा ससाही उलटा. फोटो ओळखू येत नसेल तर आधी तो फिरवून पाहा. शहराबाहेर अंधारात गेलात तर त्रिशंकूलगतचा काळा डाग दिसेल, कोळशाचं पोतं म्हणतात ते. सुमारे 600 प्रकाशवर्षांवरचा धुळीचा ढग. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या आकाशात हे एमू पक्ष्याचं डोकं आहे. मान मित्र-मित्रकाजवळून जाते, धड वृश्चिकात. अँडीजमधले लोक त्याच काळ्या पट्ट्यात लामा पाहतात, मित्र आणि मित्रक हे तिचे डोळे. आपण ठिपके जोडून आकृत्या करतो, ते अंधाराच्याच आकृत्या करतात. आणि रुंद लेन्सचा फोटो काढला की एमू खरोखर दिसतो. त्यांना तो काचेची वाट न पाहता दिसला होता.

आता फेब्रुवारी 1987. चिलीतल्या लास कांपानास वेधशाळेत टोरांटो विद्यापीठाचा इअन शेल्टन एका जुन्या 10 इंची दुर्बिणीवर मोठ्या मॅगेलनच्या मेघाचा तीन तासांचा फोटो घेत होता. झोपायला जाण्याआधी त्याने काच धुवून घेतली. टॅरँट्युला तेजोमेघाजवळ एक भला मोठा ठिपका. आधी त्याला वाटलं, काचेतच दोष असेल. त्या मेघाचा चेहरा त्याला पाठ होता; तिथे असा तारा असायला नको होता. तो बाहेर गेला, वर पाहिलं, आणि तारा तिथे होता. त्याच वेधशाळेतल्या ऑस्कर दुआल्देने तो त्या रात्री आधीच नुसत्या डोळ्यांनी पाहिला होता, पण कुणाला सांगायचं राहून गेलं. न्यूझीलंडच्या अल्बर्ट जोन्सनेही स्वतंत्रपणे तो टिपला. 1604 नंतर नुसत्या डोळ्यांना दिसलेला हा पहिला अतिनवतारा, सुमारे 1,68,000 प्रकाशवर्षांवरचा.

पण शोध लागला म्हणजे काम सुरू झालं. कोणता तारा फुटला? त्याच जागेच्या जुन्या काचा काढल्या. निकोलस सँड्युलीकने 1970 मध्ये छापलेल्या यादीतला, उणे 69 अंशांच्या पट्ट्यातला 202 क्रमांकाचा तारा तिथे होता. तो निळा महाराक्षसी तारा निघाला, आणि पाठ्यपुस्तकं तर सांगत होती की फुटतात ते लाल. सिद्धांत दुरुस्त करावा लागला. स्फोट नेमका कधी झाला? जपान, अमेरिका आणि रशियातल्या भूमिगत यंत्रांनी 23 फेब्रुवारीला जागतिक वेळेनुसार सकाळी 7:35 ला न्यूट्रिनोंचा झोत पकडला होता. जोन्सने त्यानंतर दोनेक तासांनी तोच भाग पाहिला होता आणि काही नवं दिसलं नव्हतं. आणि ऑस्ट्रेलियात सायडिंग स्प्रिंगला रॉबर्ट मॅकनॉटने 10:40 च्या सुमारास मेघाचा फोटो काढून ठेवला होता, पण पाहिला नव्हता. नंतर पाहिला तेव्हा त्यावर सहाव्या प्रतीचा तारा होता. शोधाचं श्रेय त्याला मिळालं नाही. पण ताऱ्याचा उजेड ताऱ्याच्या पृष्ठभागाबाहेर पडायला किती तास लागले, हे ठरलं ते जोन्सच्या ‘काही नाही’वरून आणि या न पाहिलेल्या फोटोवरून. ‘काही नाही’ ही नोंदही वेळ टाकून ठेवली तर पुरावा होते, हे आपल्याकडच्या हौशी निरीक्षकांना मी नेहमी सांगतो. बहुतेक जण कोरे फोटो पुसून टाकतात.

आज हे ताडून पाहण्याचं काम यंत्रं करतात. फोटो संगणकाला दिला की तो चार-चार ताऱ्यांच्या आकृत्यांचे आकार मोजतो, साठवलेल्या आकृत्यांशी जुळवतो आणि हा आकाशाचा कोणता तुकडा ते सांगतो. चिलीत सेरो पाचोन डोंगरावर व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली चित्रं 2025 च्या जूनमध्ये आली; 8.4 मीटरचा आरसा, 3,200 मेगापिक्सेलचा कॅमेरा. दर काही रात्रींनी अख्खं दक्षिण आकाश, असं दहा वर्षं. नव्या चित्रातून जुनं वजा करायचं, उरेल ते जगाला कळवायचं. लेविटबाईंचीच पद्धत, फक्त काळ्यावर पांढरं ठेवायला हात लागत नाही. त्यातलं काही संशयास्पद निघालं की त्याचा वर्णपट घ्यायला मोठ्या दुर्बिणी लागतात. दक्षिण आफ्रिकेत सदरलँडला 2005 मध्ये उभी राहिलेली साल्ट ही त्यातली एक, आणि पुण्याच्या आयुकाचा तिच्यात वाटा आहे. उपग्रहांच्या रेघांनी मात्र या सगळ्यांचा जीव खाल्ला आहे. त्यावर उपाय सध्या तरी अर्धामुर्धाच दिसतो. हार्वर्डने आपल्या जुन्या काचांपैकी चार लाखांहून अधिक काचा संगणकात उतरवल्या आहेत, कारण शंभर वर्षांपूर्वीचा फोटो आता कुठूनही काढून आणता येत नाही.

शेवटी ज्यांनी कॅमेरे आणले त्यांच्यासाठी एक काम देतो, ते सड्यावरून होण्यासारखं आहे. मित्र तारा वर्षाला 3.7 विकला सरकतो, मुख्यतः पश्चिमेकडे, म्हणजे मित्रकाच्या दिशेने. साधारण चार हजार वर्षांनी ते दोघे जवळजवळ चिकटून दिसतील. तेवढं थांबायचं नाही. 200 मिमीची लेन्स आणि नेहमीच्या सेन्सरवर एक पिक्सेल सुमारे चार विकलांचा असतो. दहा वर्षांत मित्र 37 विकला, म्हणजे नऊ पिक्सेल हलेल. तो फार तेजस्वी असल्याने जळून पसरतो, म्हणून लहान-लहान एक्स्पोजर पुष्कळ घ्या आणि जोडा. आजूबाजूचे सातव्या-आठव्या प्रतीचे तारे यायला हवेत, कारण मोजायचं ते त्यांच्यापासून. इतक्या खाली हवा प्रकाश वाकवते, तेव्हा दोन्ही वेळी तारा दक्षिणोत्तर रेषेवर असतानाच फोटो घ्या. पहिला येत्या मेमध्ये काढा, मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा, तारीख, वेळ, गाव आणि लेन्स लिहून. दुसरा दहा वर्षांनी त्याच लेन्सने. लेन्स तोवर विकू नका.

प्रश्न असतील तर घेतो.